म्या, मी, हांवें : भाषाविज्ञान शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

‘जग’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहावा. एकदा ‘जग फार मोठं आहे’ यातला आणि एकदा ‘शंभर वर्षं जग’ या आशीर्वादातला. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तोंडात जीभ दोन वेगळ्या जागी जाते. पहिल्या ‘ज’ला ती टाळूकडे पसरते, दुसऱ्या ‘ज’ला तिचे टोक वरच्या दातांमागे टेकते. मराठी घरात वाढलेले चार वर्षांचे पोरही यात चुकत नाही. त्याला हे कोणी शिकवलेले नसते आणि बाराखडीच्या तक्त्यावर या दोन ‘ज’साठी दोन अक्षरेही नसतात. आता ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहावे, मग ‘त्याचा’ आणि ‘त्याची’. पुढे ई, ए किंवा य आला की दातांमागची जीभ आपोआप टाळूकडे सरकते. जन्म, चंद्र, जग असे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून त्यांत ती आधीपासूनच टाळूवर असते. म्हणजे नियम आहे, नियमाला अपवाद आहे आणि अपवादाला इतिहास आहे. हे सारे जन्मभर बिनचूक पाळणाऱ्या माणसाला विचारले, तर त्याला यातले काहीही सांगता येत नाही.

माणसाला येत असलेले, पण सांगता न येणारे हे ज्ञान उजेडात आणणे हे भाषाविज्ञानाचे काम.

या विषयाला प्रवेश घेतला की घरी-दारी दोन प्रश्न हमखास येतात. किती भाषा येतात, हा पहिला. आमचे शुद्धलेखन तपासून द्याल का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आपुलकीने विचारलेले असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. भाषावैज्ञानिकाला दोनच भाषा बोलता येत असतील, तरी चालते. न येणाऱ्या तिसऱ्या भाषेची रचना कशी उलगडायची, हे त्याला ठाऊक असावे लागते. आणि शुद्ध-अशुद्धाचा निवाडा हे त्याचे कामच नाही. शेतकऱ्याला तण उपटावे लागते, पण वनस्पतिशास्त्र शिकणारा तणही तितक्याच बारकाईने न्याहाळतो, कारण त्याला वाढीचे नियम हवे असतात.

ही तुलना वरवरची वाटू नये म्हणून एक वाक्य हाती घेऊ. वाक्य साधे आहे : ‘मी आंबा खाल्ला.’

हे वाक्य बाई बोलली काय नि बुवा बोलला काय, ‘खाल्ला’ बदलत नाही. आंब्याच्या जागी पोळी आली की मात्र ते ‘खाल्ली’ होते. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या लिंग-वचनाने चालते. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि दोन गुणांसाठी तो पाठ करून घेतात. भाषाविज्ञानाच्या वर्गात इथून पुढे प्रश्न सुरू होतात. ‘तिने आंबा खाल्ला’ यात कर्त्याला ‘ने’ लागला, मग ‘मी’ला का नाही? ‘तू पोळी खाल्लीस’ यात तर क्रियापद एकाच वेळी दोघांचे ऐकते : ‘ली’ पोळीचे आणि शेवटचा ‘स’ ‘तू’चा. असे दुहेरी वागणे या भाषेत आले कुठून?

उत्तराचा एक धागा जुन्या मराठीत सापडतो. तिथे ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी कर्त्याची वेगळी रूपे होती. पुढे प्रमाण मराठीत ‘म्यां’ मागे पडले आणि त्याची जागा ‘मी’ने घेतली. प्रमाण मराठीत ते मागे पडले, पण गावाकडची आजी अजूनही ‘म्या न्हाय केलं’ म्हणते. गोव्यातला माणूस ‘हांव’ला प्रत्यय लावून ‘हांवें काम केलें’ म्हणतो. आजीचे ‘म्या’ शिक्षकांनी वर्षानुवर्षे खोडले. प्रत्यक्षात त्या एका अक्षरात मराठीच्या व्याकरणाचा जुना सांधा जपलेला आहे, आणि तो प्रमाण भाषेने गमावला आहे.

दुसरा धागा फार लांब जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या वर्षावनात जिरबल नावाची भाषा बोलत. तिचा मराठीशी कसलाही संबंध नाही. तरी तिथे नामाला कर्त्याचा खास प्रत्यय लागतो, ‘मी’ आणि ‘तू’ यांना लागत नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली अशा अनेक भाषा एकत्र ठेवून दाखवले की हा योगायोग नाही. बोलणारा आणि ऐकणारा हे संभाषणातले नेहमीचेच कर्ते, म्हणून त्यांच्यावर वेगळी खूण करायची गरज कमी असते. जी खूण लागते ती तिऱ्हाइताला लागते. पुण्यातल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला आपल्या रोजच्या वाक्याचा नातलग असा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला भेटतो. हा आनंद ज्याने एकदा घेतला, त्याला या विषयाची गोडी वेगळी लावावी लागत नाही.

तिसरा धागा जवळचा आणि अनेकांना दुखरा. कोल्हापूर-सोलापूरच्या पट्ट्यात ‘मी काम केलो’, ‘मी बघितलो’ असे सहज ऐकू येते. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात अशा बोलण्याला पोरे हसतात आणि बोलणारा महिनाभरात आपले क्रियापद बदलून टाकतो. पण शेजारच्या कन्नडात क्रियापद कर्माच्या मागे जातच नाही, ते नेहमी कर्त्याचे असते. शतकानुशतके दोन्ही भाषा बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी मराठी क्रियापदही कर्त्याकडे वळले असेल, तर ती चूक म्हणता येणार नाही. दोन भाषाकुळांच्या सरहद्दीवर व्याकरण कसे बदलते याचा तो जिवंत पुरावा आहे.

याच पट्ट्यातले एक गाव भाषाविज्ञानाच्या जागतिक नकाशावर आहे आणि महाराष्ट्रात फार थोड्यांना ते माहीत आहे. सांगलीजवळचे कुपवाड. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. १९६०च्या दशकात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित वस्तीत मराठी, शिवाय थोडी तेलुगू. घरात ज्याची त्याची भाषा, शेतात आणि बाजारात सगळ्यांना सगळ्यांची. त्यांनी नोंदलेल्या एका वाक्यात मराठी बोलणारा ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ म्हणतो आणि उर्दू बोलणारा ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्याचेही तुकडे त्याच क्रमाने, त्याच कामाला. शब्द प्रत्येकाने आपापले ठेवले होते, वाक्याचा सांगाडा मात्र साऱ्या गावाचा एक झाला होता. शब्द ही घराची ओळख, म्हणून ते टिकले. रचना ही रोजच्या व्यवहाराची सोय, म्हणून ती मिसळली. भाषा-संपर्कावरच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही शिकवले जाते. सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा जाऊन त्या निष्कर्षांची नव्याने तपासणी केली. दरम्यान शाळा आणि कचेरी मराठीत आल्या होत्या, आणि गावातल्या भाषांचा तोलही बदलला होता. शास्त्रात असेच व्हायला हवे : गाजलेला निष्कर्षही पुन्हा जाऊन पाहायचा.

डेक्कन कॉलेजचे नाव आले, तेव्हा त्या संस्थेबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. भारतात हा विषय आधुनिक रूपात उभा राहिला तो मोठ्या प्रमाणावर येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत. १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत तिची मुळे जातात. रा. गो. भांडारकर तिथे शिकवत. संस्कृत आणि तिच्यातून निघालेल्या भाषांवरची त्यांची विल्सन व्याख्याने १८७७ सालची. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले, १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया, समाजशास्त्र-मानववंशशास्त्रात इरावती कर्वे आणि भाषाविज्ञानात सु. मं. कत्रे, अशी माणसे एका छपराखाली आली. कोकणीच्या घडणीवर पुस्तक लिहिणारे कत्रे संस्थेचे संचालक झाले. त्यांनी १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाची आखणी केली. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून एकेक शब्द उचलायचा, त्याचा संदर्भ चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी खणात लावायची, असे ते काम. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पहिला भाग १९७६ साली छापून निघाला, आणि आजही काम ‘अ’ने सुरू होणाऱ्या शब्दांतच चालू आहे. एका अक्षराला इतकी वर्षे का लागतात, हे त्या लोखंडी कपाटांसमोर उभे राहिल्यावर कळते. एकेका चिठ्ठीमागे कोणीतरी वाचलेले पान असते.

१९५५ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने इथे उन्हाळी वर्ग भरू लागले. देशभरातले तरुण अध्यापक पुण्यात येऊन नव्या पद्धती शिकले, पुढे आपापल्या विद्यापीठांत त्यांनी हा विषय रुजवला. १९२८ साली लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचे कार्यालयही आज इथेच आहे. याच पिढीतले अशोक केळकर. कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली त्यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. केली. पण त्यांची आठवण काढताना १९६४ सालचा एक निबंध मुद्दाम सांगावा. विषय होता मराठी आया आणि आज्या तान्ह्या मुलांशी बोलतात ती बोली : मंमं, भू भू, माऊ. आयुष्यभर कानावर पडणारी, पण अभ्यासाच्या लायकीची कोणाला न वाटलेली ही बोली त्यांनी नियमांसकट मांडली. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. केळकर मराठीतही लिहीत राहिले. त्यांच्या ‘रुजुवात’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याआधी ना. गो. कालेलकर यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकाला तो १९६७ साली मिळाला होता. या विषयाची पहिली ओळख मराठीतून करून घ्यायची असेल, तर कालेलकरांपासून सुरुवात करावी. इतके स्वच्छ शास्त्रीय मराठी गद्य आजही विरळा.

आणि अभ्यासाचे साहित्य? ते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात आहे. मराठी आणि तिच्या बोली आर्य कुळातल्या. यवतमाळकडची कोलामी, गडचिरोलीची माडिया आणि गोंडी या द्राविडी. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, तिची सख्खी भावंडे थेट झारखंडात. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली. निहाली कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. तिने कोरकू आणि मराठीकडून पुष्कळ उसने घेतले, तरी डच विद्वान कायपर यांनी १९६२ साली तिच्या शब्दसंग्रहाची छाननी केली तेव्हा सुमारे चौथाई शब्दांना कुठेच नातलग सापडले नाहीत. ती बोलणारे आज दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. आर्य, द्राविडी आणि मुंडा या भाषा इथे येण्याआधी या भूमीवर काय बोलले जात असेल, याचा एखादा अवशेष त्या शब्दांत असू शकतो. एका राज्यात तीन कुळे आणि एक एकाकी भाषा, इतके जवळ मिळणे ही फार मोठी संधी आहे. कोलामीचे व्याकरण १९५५ साली लिहिले ते मरे एमेनो या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांनी. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण पुढचे व्याकरण पांढरकवड्याच्या एखाद्या कोलाम मुलीने लिहावे, ही इच्छा इथे स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवावीशी वाटते.

मराठी बोलींचे कामही असेच पिढ्यांनी पुढे नेलेले. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ सालचा. उधळ्या पुत्राची बायबलमधली गोष्ट गावोगावच्या बोलींत उतरवून घेण्याची त्यांची पद्धत होती. १९६०च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी अशा बोलींवर एकेक पुस्तक केले. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून जिल्ह्याजिल्ह्यांत बोलींचे ध्वनिमुद्रण केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. वऱ्हाडचे ‘मले-तुले’ कुठे संपते आणि ‘मला-तुला’ कुठे सुरू होते, हे आता ऐकून पाहता येते.

प्रत्यक्ष अभ्यासक्रमाची कल्पना आधीच असलेली बरी, कारण आपल्याकडे बहुतेकांना हा विषय थेट एम.ए.लाच भेटतो. दोन वर्षांत ध्वनींचा, शब्दघडणीचा, वाक्याचा आणि अर्थाचा विचार येतो. भाषेचा इतिहास, समाज आणि भाषा, मेंदू आणि भाषा, संगणक आणि भाषा हेही येते. पहिले सत्र कानाचे असते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवून घेताना कळते की आपण जे ऐकायची अपेक्षा करतो तेच लिहून मोकळे होतो. मग प्रात नावाच्या मोफत संगणकप्रणालीत आवाज टाकून पाहायचा. सुरुवातीला म्हटलेले दोन ‘ज’ तिथे डोळ्यांना दिसतात : दातांमागच्या ‘ज’च्या घर्षणाचा काळा पट्टा वर चढलेला, टाळूच्या ‘ज’चा खाली पसरलेला.

पुढे क्षेत्रकार्य. समोर अनोळखी भाषा बोलणारी व्यक्ती, हातात मॉरिस स्वदेश यांची शंभर शब्दांची यादी. पाणी, डोके, रात्र, दोन. ‘हात’ विचारावे तर उत्तर येते ‘माझा हात’, कारण काही भाषांत हात कोणाचा ते सांगितल्याशिवाय हात म्हणताच येत नाही. विद्यार्थ्याला तिथे थांबून आपला प्रश्न बदलावा लागतो. समोरच्याचा वेळ, त्याचे शेतीचे दिवस, त्याची परवानगी यांचा मान राखणे हाही अभ्यासाचा भाग असतो. पाठांतरावर निभावणाऱ्याला हा विषय जड जातो. कोडी सोडवणाऱ्याला, गणिताची भीती नसणाऱ्याला आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेणाऱ्याला तो मानवतो.

नोकरीचे काय, हे पालक विचारणारच आणि विचारावेच. अध्यापनासाठी नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. कोशकार्य, पाठ्यपुस्तके, मातृभाषेतून शिक्षण, भाषांतर यांत या प्रशिक्षणाचा उपयोग होतो. संगणकाला मराठी शिकवण्याच्या कामात शब्दांची रूपे आणि अर्थांची जाळी उलगडणारी माणसे लागतात. आयआयटी मुंबईत झालेला मराठी शब्दबंध हे त्याचे एक उदाहरण. वाचा-उपचाराकडे जायचे असेल तर त्याची व्यावसायिक पदवी वेगळी घ्यावी लागते, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी. पदवी हातात पडताच रांगेने नोकऱ्या उभ्या आहेत असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. संगणकाचे किंवा सांख्यिकीचे एखादे कौशल्य जोडीला घ्यावे, वाट सुकर होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. आनंद व्हावा अशाच या गोष्टी आहेत. पण अभिजाततेचा अभिमान जुन्या शिलालेखांवर थांबला, तर तो अपुरा राहील. आज मेळघाटच्या शाळेत कोरकू बोलणारे मूल पहिलीत गप्प बसते, कारण बाईंची भाषा त्याला कळत नाही आणि त्याची बाईंना. त्या दोघांच्या मध्ये बसून दोन्ही व्याकरणे जाणणारा माणूस तयार करणे हे विद्यापीठांचे काम आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयाने पदवीच्या वर्गांना भाषाविज्ञानाची एक अभ्यासपत्रिका सुरू करावी, एवढी मागणी तरी मान्य व्हायला हरकत नाही.

आणि ज्यांना वर्गात ‘नीट बोल’ म्हणून थांबवले गेले, ज्यांच्या ‘म्या’ला, ‘मले’ला, ‘केलो’ला कोणी हसले, त्यांनी या विषयाकडे आधी यावे. इतरांना वर्षानुवर्षे गावात राहून जे मिळवावे लागते, ते त्यांच्याजवळ जन्मापासून आहे. आजी बोलत असताना फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे, तारीख आणि गाव लिहून ठेवावे. प्रवेशाला संस्कृत किंवा मराठीचीच पदवी हवी असे नाही; डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो.